वाकडं लाल झाकण

तिचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. बाकी सगळ्या जगासाठी ती टेस्टरताई. बायकांच्या अंबाड्यात पिना असतात, हिच्या अंबाड्यात टेस्टर खोचलेला असायचा. कुणी चेष्टेनं विचारलंच, "काय ताई, डोक्यात करंट आहे का बघताय?" की ही टेस्टर उपसून विचारणाऱ्याच्या कपाळाला टेकवायची आणि म्हणायची, "माझ्या डोक्याचं सोडा, इथं काहीच पेटत नाहीये." तोंडानं फटकळ आणि हातानं चोख अशी बाई. तिनं केलेल्या वायरिंगला पुन्हा हात लावायची वेळ कुणावर येत नसे, आणि तिच्या तोंडाला लागायची हिंमत कुणी करत नसे. तो टेस्टर तिच्या धाकट्या भावाचा होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. ती सांगत नसे आणि लोक विचारत नसत.

तिचे वडील म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, तारांचे. आसपासच्या निम्म्या वायरमनांनी त्यांच्या शिव्या खाऊन धंदा शिकलेला. घरात ते आप्पा. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, त्यामुळे शिडी सुटली, सायकल सुटली आणि उरला तो फोन. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, चष्मा नाकावर सरकवायचा आणि 'तारेवरची मंडळी' नावाच्या ग्रुपवर दिवसभर लोकांच्या शंका सोडवायच्या. कुणाचा पंखा गरगरतो पण वारा देत नाही, कुणाची मोटर उचकी देते, सगळ्यांना उत्तर मास्तरांचं. एका बोटानं टाइप करायचे, पण उत्तर असं की पुन्हा विचारायला नको. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक प्रश्न ठेवलेला: 'पाटी लावली का?'

मास्तरांच्या शिकवणीत दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक पाटी, दुसरी हाक. वीज तोडायला मेन खाली केला की त्याच्या हँडलला पाटी लटकवायची, म्हणजे कुणी आगंतुकानं तो वर करू नये. काम झालं की हँडल वर करण्याआधी मोठ्यानं ओरडायचं, "लाईन येतेय!" मग इमारतीत जिथं जिथं माणूस कामाला असेल तिथून उत्तर आलं पाहिजे, "हात काढले!" एकाचं जरी उत्तर आलं नाही तरी हँडलला बोट लावायचं नाही. एकदा एक पठ्ठ्या संडासात जाऊन बसला होता, तर अख्खी इमारत अंधारात त्याची वाट बघत बसली होती. मालक तणतणला. मास्तर म्हणाले, "तुमचा उजेड थांबेल, त्याचा जीव थांबणार नाही."

पाटीसुद्धा घरचीच. मुलं धंद्यात पडली तेव्हा मास्तरांनी रंगाच्या डब्यांची दोन झाकणं घेतली, लालभडक रंगवली आणि दोरीसाठी खिळ्यानं भोक पाडलं. पहिलं भोक चुकलं, मधोमध न पडता एका बाजूला पडलं. त्यामुळे ते झाकण नेहमी वाकडं लटकायचं. मास्तर ते फेकणार होते, तर मुलानं हिसकावून घेतलं. "राहू द्या आप्पा. सरळ पाटी कोण बघतंय? वाकडी दिसली की माणूस थांबतो." सरळ झाकण टेस्टरताईला मिळालं.

आणि मग तो एका कारखान्यात पॅनलच्या कामाला गेला तो गेलाच. कुणीतरी मेन वर केला. चौकशीच्या कागदावर आलं, 'मयतानं पाटी लावली नव्हती.' झालं, विषय मिटला. सामानाची पिशवी घरी आली. त्यात पकड होती, टेस्टर होता, डबा होता. झाकण नव्हतं. मास्तरांनी पिशवी दोनदा उलटी करून झटकली आणि एवढंच म्हणाले, "नेलीच नव्हती म्हणजे. मीच कुठंतरी शिकवायला कमी पडलो." त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. फक्त प्रत्येक उत्तराखाली तो प्रश्न यायला लागला.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते याशिवाय कळायचं नाही.

त्या सकाळी टेस्टरताई एका दातांच्या दवाखान्यात शिडीवर उभी होती. छतातल्या दिव्याचं एक कोडं सुटत नव्हतं म्हणून तिनं ग्रुपवर विचारलं होतं. फोन वाजला. उत्तर आलं असेल म्हणून तिनं उघडला. कुणाचा तरी पंख्याच्या कपॅसिटरचा प्रश्न, कुणाचा तरी फुलांचा सुप्रभात, आणि त्या दोघांच्या मधोमध एक फोटो. पॅनलसमोर पडलेला माणूस. नजर आधी चेहऱ्यावरच जाते, दुसरीकडे कुठं जाणार? चेहरा तिच्या भावाचा होता. वर ओळ होती, 'पाटी न लावल्याचा परिणाम. बघा आणि शिका!!' टाकणारा होता झटका. बिचाऱ्याला आयुष्यात इतके शॉक बसले होते की तेच त्याचं नाव पडलं होतं. त्याच्याकडे तो फोटो कुठून तरी फिरत फिरत आला होता. फोटोतला माणूस कुणाचा कोण, त्याला काय माहीत.

फोन कधी पिशवीत गेला आणि आपण शिडीवरून कधी उतरलो, तिला कळलं नाही. ती फरशीवरच बसली होती. दंतवैद्य धावत आला. "ताई, काय झालं?"

"दात दुखतोय," ती म्हणाली.

"मग बसा की खुर्चीत, बघतो."

"तुम्ही बघाल हो, पण मला आत्ता तोंड उघडायचं नाहीये," असं म्हणून तिनं स्कूटर काढली. डोक्यात एकच गोष्ट घणासारखी बसत होती. आप्पा. आप्पांचा फोन. तो फोटो आप्पांच्या फोनवरही असाच उघडा पडला असेल, मोठ्या अक्षरांच्या मधोमध, आणि आप्पा चहाचा कप हातात घेऊन वर वर सरकवत असतील.

नशीब म्हणायचं, घरी पोचली तेव्हा न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता आणि फोन खुर्चीत पडला होता. तिनं चोरासारखा उचलला. डोळे किलकिले करून, चेहऱ्यावर अंगठा ठेवून तो फोटो पुसून टाकला. तेवढ्यात आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले.

"तू गं कशी? काम झालं?"

"पकड विसरले होते."

"पकड विसरलीस? मग इतका वेळ काय दातांनी वायर सोलत होतीस? दवाखाना तरी बरोबर निवडलास," आप्पा म्हणाले आणि हसत हसत खुर्चीत बसले. ती हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग तिला जो राग आला, तो असा आला की भांडी घाबरावीत.

ग्रुपचा कारभारी होता विजेच्या सामानाचा दुकानदार. मास्तरांचाच जुना चेला, माणूस वाईट नव्हता, पण ग्रुप म्हणजे आपलं राज्य आणि आपण त्याचे राजे, असं त्याचं चालायचं. दुपारी ती दुकानात शिरली तेव्हा तो गिऱ्हाइकाला होल्डर दाखवत होता. तिनं सरळ सांगितलं, फोटो कुणाचा आहे तो.

दुकानदाराचा चेहरा पडला. "अरे देवा. ताई, मी तो नीट बघितलाच नव्हता. थांबा, आत्ता काढून टाकतो." त्यानं तिच्या डोळ्यांदेखत काढला. "झालं? झटक्यालाही झापतो चांगला."

"झटक्याला झापून काय होणार, दादा? उद्या दुसरा टाकेल. मागच्या महिन्यात त्या जळालेल्या हातांचा टाकला होता, तो कुणाच्या तरी घरचा असेलच ना? माझा भाऊ तेवढा भाऊ आणि दुसऱ्यांचे काय रस्त्यावर सापडले होते?"

"मग काय करू म्हणता? फोटोच बंद करू?"

"बंद कशाला? बंद केले तर मालक लोकांचं फावेल. अपघात दिसायलाच पाहिजेत. पण आधी पाटी लावा. आत काय आहे ते एका ओळीत सांगा. माणूस मेलेला आहे, चेहरा दिसतो, भाजलेलं आहे, जे असेल ते. आणि फोटो झाकून टाका, बोट लावल्याशिवाय उघडणार नाही असा. ज्याला बघायचं तो बघेल, ज्याला नंतर बघायचं तो नंतर बघेल. एवढंच."

दुकानदारानं होल्डर खोक्यात ठेवला. "ताई, तुमचं दुःख मला कळतं. पण हा वायरमनांचा ग्रुप आहे, बालवाडी नाही. धक्का बसला तरच माणूस शिकतो. झाकून ठेवलं तर कोण उघडणार? आणि खरं सांगू? इतकं कच्चं मन असेल ना, तर या धंद्यात..." तो थांबला.

"बोला की. या धंद्यात काय?"

"जाऊ द्या."

"नाही, जाऊ कशी देऊ? तुमच्या दुकानातल्या सगळ्या पंख्यांच्या जोडण्या मी करून देते तेव्हा मन पक्कं असतं वाटतं माझं! धक्क्यानं माणूस शिकतो म्हणता? मग झटका आत्तापर्यंत प्रोफेसर व्हायला हवा होता."

गिऱ्हाईक खुदकन हसलं आणि लगेच होल्डरकडे बघायला लागलं. दुकानदाराला ते लागलं. "नियम मी ठरवतो," तो म्हणाला, "आणि असा नियम होणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

तिनं बाहेर पडून स्कूटरवर बसल्या बसल्याच ग्रुपवर लिहिलं. भावाचं नाव काढलं नाही, फोटो कुठला तेही नाही. नुसतं मागणं मांडलं, जसं दुकानात मांडलं तसं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. मंडळींना आयतंच खेळणं मिळालं. एकानं बल्बचा फोटो टाकला, 'सावधान! यात बल्ब आहे. नाजूक मनाच्या लोकांनी बघू नये.' दुसऱ्यानं वायरचं भेंडोळं, 'सूचना: नागडी वायर. मुलांना दूर ठेवा.' तिसऱ्यानं स्वतःच्या सासूचा फोटो टाकला, त्यावर तर हास्याचा पूर आला. एक सभ्य गृहस्थ मध्येच म्हणाले की वाद नको, असे फोटोच नकोत, त्यापेक्षा सुविचार टाकावेत. टेस्टरताईनं दात-ओठ खाल्ले. चेष्टा करणारे परवडले, हे सुविचारवाले नकोत.

मग तिनं एकच उत्तर लिहिलं. 'हसा पोटभर. प्रत्येक बटणाला पाटी लावली तर पाटीला कुणी विचारत नाही, हे मलाही कळतं. म्हणून नुसतं सावधान नका लिहू, आत खरंच काय आहे ते लिहा, आणि जिथं माणूस आहे तिथंच लिहा. आणि एक सांगा, तुम्ही मेन वर करण्याआधी हाक देता. का देता? समोरचा भित्रा आहे म्हणून? ज्यांचे हात तारेवर आहेत त्यांना सांगायचं असतं म्हणून. ग्रुपवर कुणाचा हात कुठल्या तारेवर आहे, तुम्हाला काय ठाऊक?'

सबस्टेशनवर काम करणाऱ्या एकानं खाजगीत दोनच शब्द पाठवले, 'बरोबर आहे.' खाजगीत! चारचौघांत म्हणायला काय जीभ झडली असती? तेवढ्यात दुकानदाराचा निकाल आला. 'हा विषय इथं बंद. पुन्हा काढल्यास ग्रुपबाहेर. मास्तरांचा मान ठेवून यावेळी सोडतो.'

रागाच्या भरात ती एक गोष्ट साफ विसरली होती. मास्तरही त्याच ग्रुपवर होते.

ती घरी आली तेव्हा आप्पा खुर्चीत ताठ बसले होते. फोन मांडीवर पालथा.

"कसला फोटो?" त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"मला बनवू नकोस. सकाळी एक फोटो आला होता, सगळे त्यावर बोलतायत, आणि माझ्या फोनवर तो नाही. तू पकड न्यायला आलीस आणि पकड न घेताच गेलीस. ती बघ, अजून खुंटीला आहे."

खुंटीवरची पकड तिच्याकडे बघत होती म्हणा ना.

"माझ्या फोनला हात लावलास?"

"हो."

"मला न विचारता?"

"आप्पा, तुम्हाला त्रास झाला असता."

"तो माझा मी बघितला असता!" आप्पांचा आवाज असा चढला की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. "तिकडं बाहेर जगाला सांगत सुटलीस, पाटी लावा, पाटी लावा. आणि घरात काय केलंस? पाटी लावलीस का मला? तू तर फ्यूजच काढून खिशात घातलास! मी काय कुकुलं बाळ आहे? गुडघे गेलेत माझे, डोकं नाही गेलं."

खरं बोलणं जिव्हारी लागतं, आणि हे तर तिचंच बोलणं उलटं फिरून आलं होतं. ती खाली जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसली. म्हणाली, "चुकलंच माझं. आता सांगते, सगळं सांगते. तो फोटो तुमच्या मुलाचा आहे. त्या दिवसाचा. पॅनलसमोर पडलाय. चेहरा दिसतो, डोळे मिटलेले आहेत. रक्त नाहीये. वर लिहिलंय की पाटी लावली नव्हती. मी चेहरा बघितला आणि फोन पिशवीत टाकला. त्यापुढं मला काही दिसलं नाही."

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कुणीतरी सायकलच्या घंटीशी चाळा करत होतं. "तुझ्याकडे आहे अजून?"

"आहे. ग्रुपवरून गेला, पण माझ्या फोनमध्ये उतरलेला आहे. पुसायला हात धजला नाही."

"ठेव. आज नाही बघणार." त्यांनी डोळे टिपले, उघडउघड टिपले, लपवले नाहीत. "पण बघणार. मी सांगेन तेव्हा."

मध्ये काही दिवस गेले. आप्पा ग्रुपवर नेहमीसारखी उत्तरं देत होते, पण शेवटचा तो प्रश्न लिहीत नव्हते. टेस्टरताई कामावर जात होती, घरी येत होती, एक शब्द विचारत नव्हती. तिच्यासारखीला गप्प बसणं म्हणजे काय शिक्षा, ते तिचं तिला माहीत. एका रविवारी दुपारी आप्पांनी तोंड धुतलं, चष्मा सदऱ्याच्या टोकानं लख्ख पुसला, खुर्ची उजेडाकडे सरकवली आणि म्हणाले, "आण."

ती शेजारी स्टूल घेऊन बसली. त्यांनी तिचा हात धरला, तेव्हा तिला वाटलं आधार द्यायला धरलाय. नंतर कळलं, घ्यायला धरला होता. तिनं फोटो उघडला.

आप्पा आधी चेहऱ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. "झोपलाय असं वाटतं," ते म्हणाले. मग त्यांनी श्वास सोडला आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. नजर चेहऱ्यावरून हातांवर आली, हातांवरून पॅनलवर, आणि पॅनलच्या कडेनं वर चढत चढत गेली. कुठल्याही अपघाताच्या जागी ते असेच बघायचे, तारेचा माग काढत.

आणि ते थांबले. "हे मोठं कर."

तिनं बोटांनी मोठं केलं. कडेला, वरच्या अंगाला, मेनचं हँडल होतं. हँडल वर होतं. आणि त्या वर उचललेल्या हँडलला दोरीनं काहीतरी लटकत होतं. गोल, लाल. कुणालाही वाटावं रंगाच्या डब्याचं झाकण आहे, कुणीतरी अडकवून ठेवलंय. कारखान्यात काय, काहीही कुठंही लटकत असतं.

ते वाकडं लटकत होतं.

"माझं भोक," आप्पा म्हणाले. "चुकलेलं भोक. अगं, लावली होती त्यानं. पाटी लावली होती माझ्या पोरानं." आणि मग ते रडले, हमसून हमसून, इतक्या वर्षांचं सगळं एकदम. ती पण रडली. दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं. रडता रडता आप्पा मध्येच म्हणायचे, "शिकला होता गं. नीट शिकला होता." असं त्यांनी कितीदा म्हटलं कोण जाणे.

रडणं ओसरलं तेव्हा टेस्टरताईच्या डोक्यात एक गोष्ट ठिणगीसारखी उडाली. हा फोटो किती फोनांतून फिरला असेल! किती लोकांनी 'बघा आणि शिका' म्हणत पुढं ढकलला असेल! आणि एकालाही दिसलं नाही, की हँडल वर आहे आणि त्याला पाटी लटकतेय. खुद्द तिला दिसलं नव्हतं, जिच्या पिशवीत त्याचं भावंड झाकण रोज असतं तिला. धक्का बसला की माणूस शिकतो म्हणे! धक्का बसला की माणूस डोळे मिटतो. ज्यानं तोंड धुतलं, चष्मा पुसला, खुर्ची उजेडात ओढली, त्याला दिसलं.

"आप्पा, पाटी असताना कुणीतरी मेन वर केला आणि मागाहून पाटीच गायब केली. त्या चौकशीवाल्यांच्या दारात मी उभी राहणार आहे," ती म्हणाली. "उद्याच. आणि हलणार नाही."

"राहा. मीही येतो, गुडघे गेले खड्ड्यात. पण आधी ग्रुप." त्यांनी नाक पुसलं. "तिथं लिहिलंय ना, पाटी न लावल्याचा परिणाम? तिथंच जाऊ दे उत्तर."

"दुकानदार बाहेर काढेल."

"काढू दे. बघू या कसा काढतो ते."

एका बोटानं, एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं: 'मी मास्तर. एक फोटो टाकणार आहे. त्यात मेलेला माणूस आहे, चेहरा दिसतो. तो माझा मुलगा आहे. ज्याला बघायचं नाही त्यानं बघू नये, त्यात लाज नाही. बघणाऱ्यानं सावकाश बघावा, मी बघितला तसा. लाईन येतेय!'

आणि फोन मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

बल्बवाले, भेंडोळंवाले, सासूवाले, सगळे गार. मग सबस्टेशनवाल्याचं आलं, यावेळी चारचौघांत: 'हात काढले.' त्याच्यामागून आणखी एकाचं. मग रीघच लागली. 'हात काढले.' 'हात काढले, मास्तर.' एकानं लिहिलं, 'मी बघणार नाही, पण हात काढले.' सुविचारवाल्यांनीही काढले. झटक्यानं आधी लिहिलं, 'मास्तर, मी गाढव आहे, मला माफ करा,' आणि मग खाली वेगळ्या ओळीत, 'हात काढले.'

दुकानदार सगळं वाचत होता, ते दिसत होतं. शेवटी त्यानं लिहिलं, 'मास्तर, सगळे थांबलेत. टाका ना आता.'

आप्पांनी फोन उचलला. 'तुझा आवाज आला नाही,' त्यांनी लिहिलं. पुन्हा फोन मांडीवर.

टेस्टरताईनं अंबाड्यातला टेस्टर काढून हातात धरला होता. काढतोय बहुतेक ग्रुपबाहेर, तिला वाटलं. काढ. काढून तर बघ. शेवटी फोन थरथरला.

'हात काढले, मास्तर. आणि आजपासून नियम झाला.'

आप्पांनी ते वाचलं, पण फोटो टाकला नाही. चष्म्यावरून लेकीकडे बघितलं. "आणि तुझे गं?"

तिनं टेस्टर बाजूला ठेवला. "हात काढले, आप्पा."

"मग दाब," ते म्हणाले.

तिनं दाबलं. झाकलेल्या फोटोखाली मास्तरांची एकच ओळ होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.

'पाटी लावली होती.'